वार्डोचा जीर्णोद्धार: गाडी वाचली, माणसे कुठे आहेत?

१/
घोड्याने ओढायची, सोनेरी वेलबुट्टीची, हिरव्या-तांबड्या रंगात झळाळणारी एक लाकडी गाडी. समाजमाध्यमांवर तिचे छायाचित्र अधूनमधून फिरत असते आणि खालचा मजकूरही जवळजवळ ठरलेला असतो: हजार वर्षांपूर्वी भारतातून निघालेल्या जिप्सींचे चाकांवरचे घर. या एका वाक्यात एक सत्य आहे, एक असत्य आहे आणि एक मौन आहे. हा धागा त्या तिन्हींविषयी.

२/
आधी सत्य. ज्यांना युरोपने ‘इजिप्तचे लोक’ समजून ‘जिप्सी’ म्हटले, त्या रोमा समाजाची भाषा भारतीय-आर्य कुळातील आहे. पाण्याला ‘पानी’, कानाला ‘कान’, माणसाला ‘मनुश’, आगीला ‘याग’. मराठी माणसाला हे शब्द शिकवावे लागत नाहीत. मध्ययुगात हे लोक इराण, आर्मेनिया आणि बायझंटाइन प्रदेशांतून युरोपात पसरले. सोळाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनच्या कागदपत्रांत त्यांचा उल्लेख सापडतो.

३/
आता असत्य. ही गाडी त्यांनी भारतातून आणलेली नाही. ब्रिटनमधील रोमा कुटुंबे कित्येक शतके पायी किंवा ओझ्याच्या जनावरांसह फिरत. लवचीक काठ्या वाकवून त्यावर घोंगड्या टाकलेला तंबू हेच त्यांचे घर होते. चाकांवरच्या घरात ती राहू लागली एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, रस्ते सुधारल्यानंतर. त्याआधी अशा गाड्या फिरत्या खेळवाल्यांकडे आणि जत्रेतल्या व्यावसायिकांकडे दिसत. डिकन्सच्या ‘द ओल्ड क्युरिऑसिटी शॉप’ या १८४०-४१ च्या कादंबरीत मेणाच्या पुतळ्यांचे प्रदर्शन घेऊन फिरणाऱ्या बाईची अशीच गाडी आहे.

४/
तिचे नावही भारतातून आलेले नाही. इंग्लंडमधील रोमा ज्या शब्दाने तिला ओळखतात तो ‘वार्डो’ हा शब्द इराणी कुळातील भाषेतून आला आहे, म्हणजे वाटेत उचललेला आहे. गाडी घडवणारे हातही बहुधा इंग्रज सुतार-लोहारांचे होते. रेडिंग गावच्या डन्टन यांच्या कारखान्यावरून एका प्रकाराला ‘रेडिंग’ हे नाव मिळाले. बर्टन-अपॉन-ट्रेंटवरून ‘बर्टन’ गाडी ओळखली जाते. कमानीवर कॅनव्हास ताणलेली ती ‘बो-टॉप’. गिऱ्हाईक रोमा, कारागीर इंग्रज, आणि दोघांच्या आवडीनिवडींच्या देवघेवीतून उभी राहिलेली वस्तू. वार्डोचे खरे मोल या देवघेवीत आहे. तिच्यावर ‘प्राचीन भारतीय वारसा’ असा शिक्का मारला की नेमके तेच पुसले जाते.

५/
अशा गाड्या आज दुरुस्त होतात त्या पारंपरिक कार्यशाळांत. कारण वार्डोचे चाक यंत्राच्या दुकानात मिळत नाही. त्याचा तुंबा एल्मचा, आरे ओकचे, पुठ्ठे ॲशचे. एल्मच्या लाकडाचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे चहूबाजूंनी खाचा पाडूनही तुंबा फाटत नाही. ओक भार पेलतो. त्याचे आरे करवतीने न कापता फोडून काढतात, म्हणजे तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग राहतो. ॲश लवचीक, म्हणून रस्त्याचे धक्के सोसण्याचे काम परिघावरच्या पुठ्ठ्यांकडे.

६/
हे चाक सपाटही नसते. थाळीसारखे ते किंचित खोलगट असते. घोडा चालतो तेव्हा गाडी डावी-उजवीकडे हेलकावते आणि प्रत्येक हेलकाव्याला तुंबा बाहेर ढकलला जातो. सपाट चाकाचे आरे या ढकलण्याने सैल होतील. खोलगट चाक तो दाब अंगावर घेते. आसाचे टोक थोडे खाली झुकवलेले असते, त्यामुळे भार पेलणारा खालचा आरा नेमका उभा राहतो. हे गणित कारागिराच्या नजरेत असे. जॉर्ज स्टर्ट यांनी आपल्या फार्नहॅममधील कारखान्याविषयी १९२३ मध्ये लिहिलेल्या ‘द व्हीलराइट्स शॉप’ या पुस्तकात अशा न लिहिलेल्या ज्ञानाचा हिशेब मांडला, तेव्हा ते ज्ञान मावळू लागले होते.

७/
शेवटी धाव चढवायची. लोखंडी कडे चाकाच्या परिघापेक्षा थोडे लहान ठेवतात, भट्टीत तापवून फुगवतात, चाकावर बसवतात आणि तत्काळ पाणी ओततात. आकसणारे लोखंड सारे सांधे करकचून आवळते. महाराष्ट्रातल्या खेड्यात ज्याने बैलगाडीची धाव चढवताना पाहिली असेल, त्याला हे दृश्य परके वाटणार नाही. तुंबा, आरे, पुठ्ठे, धाव हे सगळे शब्द मराठीत आहेत, कारण ही विद्याही येथे होती.

८/
आता वार्डोतल्या खुणा वाचाव्यात. धुराडे नेहमी गाडीच्या उजव्या अंगाला. ब्रिटनमध्ये वाहने डावीकडून चालतात, कडेच्या झाडांच्या फांद्या डाव्या अंगाला येतात. धुराडे तिथे असते तर मोडले असते. मागच्या चाकामागे साखळीला बांधलेला लाकडी रूळ असे. चढावर घोडा दमून थांबला की गाडी मागे घसरू नये म्हणून. मागच्या बाजूला आडवी बिछान्याची फळी आणि तिच्याखालच्या कपाटवजा जागेत मुलांची झोपण्याची सोय. लाकडाच्या कडा तासून केलेली नक्षी शोभेची खरी, पण त्या तासण्याने घोड्यावरचा भारही हलका होई. अशी प्रत्येक खूण कोणाच्या तरी जगण्याची साक्ष आहे.

९/
आणि इथेच जीर्णोद्धाराचा प्रश्न सुरू होतो. गाडी कार्यशाळेत येते तेव्हा पावसाने खालच्या तुळया कुजलेल्या असतात, आरे खिळखिळे झालेले असतात आणि अंगावर रंगाचे थरांवर थर असतात. ते थर हलक्या हाताने एकेक करून उलगडले तर मालकांच्या पिढ्या दिसतात: कोणी कोणता रंग निवडला, कोणी सोनेरी वर्ख लावला, कोणाला स्वस्त रंगावर भागवावे लागले. सगळे एका दमात खरवडून नवा तकतकीत हात मारला तर गाडी सुंदर होते आणि मुकी होते.

१०/
याहून कठीण उदाहरण रबरी टायरचे. विसाव्या शतकात काही कुटुंबांनी लाकडी चाके काढून हवा भरलेली चाके बसवली. डांबरी रस्त्यावर ती सोपी पडत आणि लाकडी चाक दुरुस्त करणारे कारागीर कमी होत चालले होते. आज अशी गाडी विकत घेणारा हौशी संग्राहक पहिले काम करतो ते रबरी चाके फेकून ‘मूळची’ लाकडी चाके बसवण्याचे. वरवर पाहता हा वारशाचा आदर वाटतो. पण ती रबरी चाके म्हणजेच या लोकांच्या विसाव्या शतकाचा पुरावा होता. ती काढली की रोमा माणूस पुन्हा व्हिक्टोरियन चित्रात जाऊन बसतो, जिथे तो कोणालाच अडचणीचा नसतो.

११/
मराठी वाचकाला हे दुखणे चांगले ठाऊक आहे. काळ्या पाषाणाच्या मंदिराला ऑइलपेंट फासला जातो, जुन्या बांधकामावर सिमेंट थापले जाते आणि त्याला ‘जीर्णोद्धार’ म्हणतात. तिथे हळहळणारे इतिहासप्रेमी वार्डोच्या चकाकीला मात्र हृदयचिन्हे देतात. न्याय एकच हवा.

१२/
मात्र ‘जुना रंग पवित्र, त्याला हात लावू नका’ हेही उत्तर नाही. रोमा कुटुंबे स्वतः आपल्या गाड्या पुन्हा पुन्हा रंगवत आली आहेत. भडक रंग, सोनेरी वर्ख, नवी नक्षी हा त्यांच्या परंपरेचाच भाग आहे. आपले घर रंगवणे हा घरमालकाचा हक्क. आक्षेप आहे तो त्या घरातल्या माणसाला न विचारता त्याच्या घराचा ‘मूळ रंग’ ठरवणाऱ्यांवर.

१३/
जतन या कल्पनेलाच आव्हान देणारी एक प्रथाही लक्षात घ्यावी लागते. घरातला माणूस गेला की त्याची गाडी त्याच्या सामानासह जाळून टाकण्याची चाल इंग्लंडच्या रोमा समाजात होती. विसाव्या शतकात ती विरळ झाली, पण जुन्या गाड्या दुर्मीळ असण्यामागे हेही एक कारण आहे. संग्रहालयाला ही हानी वाटते. त्या कुटुंबासाठी तो मृताचा सन्मान होता. जी वस्तू तिच्या मालकांच्या मते माणसाबरोबर संपायला हवी होती, ती आज दिव्याखाली उभी आहे. निदान तिच्या शेजारच्या फलकावर एवढे तरी लिहिलेले असावे.

१४/
आता मौन. फलकांवर सहसा नसते ते असे: १५५४ च्या इंग्लिश कायद्याने देश सोडून न जाणाऱ्या ‘इजिप्शियनां’ना मृत्युदंडाची तरतूद केली. अशा जुन्या कायद्यांपैकी काही १७८३ मध्ये रद्द झाले. पुढे वार्डो आली, चित्रकारांनी ती रंगवली, कवींनी तिच्यावर स्वातंत्र्याची रूपके रचली. आणि १९५९ च्या महामार्ग कायद्याने ‘जिप्सी’ने रस्त्याच्या कडेला मुक्काम टाकणे गुन्हा ठरवले. कायद्यात शब्दच तो होता. दुसऱ्या कोणी तीच कृती केली तर त्या कलमाखाली तो गुन्हेगार ठरेलच असे नव्हते.

१५/
१९६८ मध्ये स्थानिक परिषदांवर मुक्कामाच्या जागा देण्याचे बंधन आले. १९९४ च्या फौजदारी न्याय कायद्याने ते काढून टाकले. २०२२ च्या पोलीस कायद्याने परवानगीवाचून जमिनीवर वाहनासह राहणे ठरावीक परिस्थितीत गुन्हा ठरवले आणि वाहन जप्त करण्याचा अधिकार पोलिसांना दिला. त्या कायद्यातील काही तरतुदी मानवी हक्कांशी विसंगत असल्याचे २०२४ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने म्हटले. यातली विसंगती पाहावी: गाडी रिकामी असेल तर वारसा, तिच्या जागी आजचे वाहन असेल आणि आत कुटुंब असेल तर जप्तीचा माल.

१६/
यावर कारागिरांचा प्रतिवाद असतो आणि तो हलका नाही. आम्ही हात लावला नसता तर उरलेल्या गाड्याही कुजल्या असत्या. चाक घडवण्याची विद्या आमच्यामुळे तगली. आमच्या गिऱ्हाइकांत रोमा कुटुंबेही आहेत. हे मान्य करायलाच हवे. दरवर्षी जूनमध्ये कंब्रियातल्या ॲपलबीच्या घोडेबाजाराला बो-टॉप गाड्या रस्त्याने येतात, त्या अशा हातांमुळेच. रोष त्या हातांवर नाही. खरा कारागीर जुन्या दुरुस्त्या नोंदवतो, शक्य तितके जुने लाकूड राखतो आणि नवा तुकडा लपवत नाही. रोष आहे तो बागेतल्या शोभेसाठी किंवा सहलीच्या मुक्कामासाठी गाडी घेऊन तिच्या माणसांचा विषय निघताच कुंपणाचे दार लावून घेणाऱ्या रसिकतेवर.

१७/
ही रसिकता केवळ इंग्रजांची नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भारतातल्या अनेक भटक्या समाजांना जन्माने गुन्हेगार ठरवले. पुढे तो मुंबई इलाख्यातही आला. सोलापूरला तारेच्या कुंपणात वसाहत उभी राहिली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हे समाज ‘विमुक्त’ झाले, पण संशय विमुक्त झाला नाही. लमाणांच्या बैलांच्या तांड्यांनी एकेकाळी दख्खनमधल्या फौजांना धान्य पुरवले. आज आरशांचे लमाणी भरतकाम दिवाणखान्यात टांगले जाते आणि गावात चोरी झाली की नजर अजूनही पालांकडे वळते. वार्डोवर भाळणाऱ्यांनी हे दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत.

१८/
म्हणून मागणी साधी आहे. जीर्णोद्धार केलेल्या प्रत्येक गाडीबरोबर तीन गोष्टींची नोंद असावी: ती कोणी घडवली, तिच्यात कोण राहिले, आणि त्यांना रस्ता का सोडावा लागला. पहिली नोंद बहुधा तुंब्याच्या टोपणावर कोरलेली सापडते. दुसरी त्या कुटुंबाला विचारली तरच मिळते. तिसरी कायद्याच्या पुस्तकात आहे आणि ती लिहायला कोणतीही परवानगी लागत नाही.

१९/
इतिहासाच्या अभ्यासकाला वस्तूवर प्रेम करण्याची मुभा आहे. धाव चढताना उठणारी वाफ पाहून हरखून जाणे यात गैर काही नाही. पण चाक घडते ते फिरण्यासाठी. ज्या देशात त्या चाकांवरच्या माणसांना थांबायला जागा उरलेली नाही, तिथे दालनात उभे केलेले निर्दोष चाक हा अर्धाच जीर्णोद्धार. उरलेला अर्धा सुताराच्या हातात नाही, समाजाच्या हातात आहे.

२०/
पुढच्या वेळी ते छायाचित्र समोर येईल तेव्हा ‘आपले लोक’ असे अभिमानाने लिहिण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा. पाणी, कान, आग हे शब्द सारखे निघाले म्हणून जे आपले झाले, त्यांचे पाल उद्या आपल्या गावाच्या वेशीवर पडले तर ते आपले राहतील का?

(धागा समाप्त)