भाऊसाहेब आणि सेफ्टी पिन

लोकहो, एक सोप्पा प्रश्न. एअरपोर्टच्या सिक्युरिटीला तुम्ही लॅपटॉप काढता, बेल्ट काढता, मोबाइल, चार्जर, किल्ल्या सगळं त्या ट्रेमध्ये टाकता. बरोबर? आता समजा, तुमच्या बॅगेत साडेपाच किलोचा एक जिवंत आणि सॉलिड चिडलेला बोका आहे. तो कुठल्या ट्रेमध्ये टाकणार?

हसू नका. २०२४ च्या डिसेंबरमध्ये सकाळी पावणेसहाला मुंबई एअरपोर्टवर माझ्या डोक्यात हाच प्रश्न होता, आणि मागे पन्नासेक माणसांची रांग.

भाऊसाहेब हा मुळात आजीचा बोका. अकरा वर्षांचा, केशरी, अस्सल गावठी, एका कानाचा तुकडा तारुण्यातल्या कुठल्याशा राड्यात गमावलेला. आजीची गिरगावातली चाळ रिडेव्हलपमेंटला गेली आणि आजी काकाकडे बंगळुरूला. ‘पंधरा दिवसांत भाऊसाहेबाला पोचवते,’ असं मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. पंधरा दिवसांचे तीन महिने झाले. इकडे बोका माझ्या अंधेरीच्या वन-बीएचकेत सोफ्याखाली मुक्काम ठोकून, तिकडे आजीचा रोज रात्री फोन. पहिला प्रश्न, ‘तो जेवला का?’ दुसरा, ‘तू जेवलीस का?’ (क्रम लक्षात घ्या!) मग एके दिवशी काकाचा फोन आला. म्हणाला, ‘ती स्वतःच जेवत नाहीये गं नीट. एक चतकोर पोळी खाते आणि उठते. काहीतरी कर.’

ट्रेनचा विचार केला. फर्स्ट क्लासचा अख्खा कूपे बुक करा, नाहीतर मागच्या लगेज व्हॅनमधल्या डॉग बॉक्समध्ये पाठवा. आणि मुंबई-बंगळुरू म्हणजे जवळपास पूर्ण दिवस. म्हाताऱ्या बोक्याला खोक्यात बंद करून पाठवायची माझी हिंमत झाली नाही. मग विमान. एअर इंडियात केबिनमध्ये प्राणी न्यायची सोय आधीपासून होती, २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये अकासा एअरनेही ती सुरू केली. वजनाची मर्यादा प्रत्येकाची वेगळी आणि ती बदलत असते, त्यामुळे बुकिंगच्या दिवशी फोन करून विचारा, मित्राच्या सल्ल्यावर जाऊ नका. मी कुठल्या विमानाने गेले ते सांगत नाही, उगाच फुकट जाहिरात कशाला?

कागदपत्रांचं काम मी परीक्षेच्या अभ्यासासारखं केलं. डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट, रेबीजच्या लसीची नोंद, हवा खेळती राहील अशी मऊ बॅग, तिची लांबी-रुंदी-उंची. वजन बॅगेसकट मोजतात, म्हणून बाथरूमच्या काट्यावर आधी मी एकटी, मग मी अधिक बोका, मग मी अधिक बोका अधिक बॅग. (पहिला आकडा विसरायचा प्रयत्न अजून चालू आहे.) डॉक्टरांना विचारलं, झोपेचं औषध देऊ का? ते जवळजवळ ओरडलेच. गुंगीत असलेल्या प्राण्याचा रक्तदाब आणि श्वास विमानात बिघडू शकतो, आणि तुम्हाला ते कळणारही नाही. त्यापेक्षा बॅग दोन आठवडे घरात उघडी ठेव, म्हणाले. त्यात झोपू दे त्याला. आणि निघायच्या आधी चार-पाच तास खायला देऊ नकोस. मी बॅगेत आजीचं जुनेर अंथरलं. तिसऱ्या दिवशी साहेब स्वतःहून आत जाऊन झोपले. फंडा वर्क झाला!

चेक-इनला काउंटरवरच्या मुलाने सगळे कागद पाहिले, वजन केलं, टॅग लावला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. झालं की, एवढं काय अवघड!

बॉस, खरी परीक्षा पुढे होती आणि तिचा सिलॅबसच मला कुणी दिला नव्हता.

सिक्युरिटीचा नियम एका वाक्यात सांगायचा तर बॅग मशीनमधून जाते, प्राणी तुमच्या हातात. सामानाच्या एक्स-रेमधून जिवंत प्राणी घालायचा नसतो. लोक घालतात, हं! २०२२ च्याच नोव्हेंबरमध्ये न्यू यॉर्कच्या जेएफके एअरपोर्टवर एका चेक-इन सुटकेसच्या एक्स-रेमध्ये चक्क मांजराचा आकार दिसला. सुटकेस उघडली तर आतून केशरी मांजर! घरातल्याच कुणाचं तरी, गुपचूप शिरून बसलेलं. पुढच्याच महिन्यात विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला एकाच्या बॅकपॅकमध्ये छोटा कुत्रा सापडला, तोही मशीनमधून जाताना. आपण चालत जातो त्या दारासारख्या डिटेक्टरमध्ये मात्र एक्स-रे नसतो, तो चुंबकीय क्षेत्रावर चालतो. मांजर घेऊन त्यातून गेलं तर मांजराला काही होत नाही.

मांजराला होत नाही. माझं काय?

कारण त्याच्या हार्नेसला लोखंडी कडी होती, म्हणून हार्नेसही काढून ट्रेमध्ये. (सगळं प्लास्टिकचं असलेलं हार्नेस मिळतं. हे मला नंतर कळलं. तुम्ही आधी कळवून घ्या.) म्हणजे आता पट्टा नाही, बॅग नाही. ट्रॉल्यांचा खडखडाट, अनाउन्समेंट, शेकडो पाय, आणि या सगळ्याच्या आणि भाऊसाहेबाच्या मध्ये फक्त माझे दोन हात. एअरपोर्टवर मांजर सुटलं तर ते सापडणार कुठे? छतात? बेल्टखाली? आणि आजीला फोन कसा करायचा? मी त्याला जुनेरात गच्च गुंडाळलं, नुसतं तोंड बाहेर, आणि छातीशी धरून डिटेक्टरमधून गेले.

टीं टीं.

मग बायकांची तपासणी होते त्या पडद्याच्या खोपटात. आतली सीआयएसएफची कॉन्स्टेबल माझ्याच वयाची असेल. सवयीने म्हणाली, ‘हात ऊपर.’ मग तिचं लक्ष गेलं. ‘अगं बाई! बोका?’ मराठी निघाली की हो! जीव भांड्यात पडला. पण हात वर करायचे तर बोका कोण धरणार? तिने तोडगा काढला. आधी एक हात, मग दुसरा, बोका या खांद्यावरून त्या खांद्यावर. भाऊसाहेबाने नखं माझ्या कुर्त्यातून आरपार घातली होती. मी ओरडले नाही, हे कृपया नोंदवून घ्या.

हातातलं डिटेक्टर माझ्यावरून फिरलं, काही नाही. बोक्याच्या गाठोड्यावरून फिरलं... टीं.

‘कपडा सोडावा लागेल, ताई.’

जुनेर सोडायला लागले आणि त्या क्षणी साहेब सटकले. खाली उडी, पायांखालचा लाकडी पाट, आणि पाटापलीकडे पडद्याची खालची फट. चांगली वीतभर. मी नुसती बघत राहिले, खरंच, हलताच आलं नाही. कॉन्स्टेबल मात्र खाली बसलीच. एक बूट फटीला आडवा, दोन्ही हातांनी पडदा जमिनीला दाबून धरलेला, आणि बाहेर हाक, ‘दो मिनट कोई अंदर नहीं आएगा!’ मग माझ्याकडे बघून शांतपणे, ‘पकडा आता. घाई नको. आमच्या घरी चार आहेत.’

भाऊसाहेब कोपऱ्यात कान पाडून बसला होता. मी जुनेर त्याच्या डोक्यावरून टाकलं. अंधार झाला आणि तो गप्प झाला. त्याला आजीचा वास आला असेल, किंवा तो दमला असेल. मीही तशीच खाली बसून राहिले. तोवर तिने जुनेराचा काठ चाचपला. दुमडीत, आत, एक गंजकी सेफ्टी पिन. आजीला पदराला पिन लावून ठेवायची सवय आहे. कधी काय लागेल सांगता येतं का, म्हणते.

‘नाव काय याचं?’ ‘भाऊसाहेब.’ ती इतकी हसली की बाहेरची डोकावली. मग माझ्या मनातही आलं नव्हतं ते तिने केलं. बॅग मशीनमधून आली होती, ती आतच मागवली. पडद्याआड बोका बॅगेत, चेन बंद, आणि मग आम्ही बाहेर. म्हणून सांगते, कुत्रा-मांजर घेऊन जाणार असाल तर आधीच नम्रपणे विचारा, तपासणी आडोशाला होईल का आणि बॅग आत मिळेल का. अमेरिकेतसुद्धा वेगळ्या खोलीत तपासणी मागता येते. फार तर पाच मिनिटं जास्त जातील. मागच्या रांगेतल्या एका काकांनी ‘अब जानवर भी उड़ेंगे’ वगैरे ऐकवलं. ऐकून घेतलं. त्यांचा मुद्दाही होताच, त्यांची फ्लाइट सुटत होती.

विमानात भाऊसाहेब सीटखाली झोपून होता. त्यावर लिहिण्यासारखं काही घडलं नाही.

काकाच्या घरी दार आजीनेच उघडलं. काठी टेकत. बॅगेची चेन मी अर्धी उघडली, बाकीची त्याने डोक्याने उघडली. तो काही धावतबिवत गेला नाही, सिनेमात जातात तसा. आधी सोफा हुंगला, मग टीपॉय, मग आजीचा पाय, आणि तिथेच पसरला. आजी काही बोलली नाही. आत जाऊन वाटीत दूधपोळी कुस्करून घेऊन आली. डॉक्टरांनी दूध बंद केलंय, हे सांगायची ती वेळ नव्हती. त्याने खाल्लं. उरलेल्या पोळीचा तुकडा तिने स्वतःच्या तोंडात टाकला. काकाने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे.

मग आजी बॅगेतलं जुनेर काढून काठ चाचपत म्हणाली, ‘आणि माझी पिन कुठाय?’

मी ओढणीची काढून दिली.