रत्नाकराच्या घरांत

नाशिकच्या एका वाचकभगिनीचें पत्र या महिन्यांत आलें आहे. त्यांचें कुटुंब एकत्र. सासूबाई, दीर, जावा, मुलेंबाळें मिळून बारा-चौदा पानें रोज मांडलीं जातात. धाकट्या चिरंजीवांनीं पदवीची परीक्षा दिली आणि आतां ते म्हणतात कीं, मालवणास जाऊन समुद्रांत बुडी मारण्याची विद्या शिकावयाची, व पाण्याखालचीं छायाचित्रें घेणें हाच पुढें व्यवसाय करावयाचा. आजीबाईंनीं अन्नत्याग केला नाहीं एवढेंच. बाकीचे सर्व उपाय झाले. “गुरुजी, आपण समुद्राकाठचे. हें वेड आहे कीं विद्या, तें आपणच सांगावें,” असा त्यांचा प्रश्न आहे.

समुद्राकाठीं राहणारा मनुष्य समुद्र जाणतो, ही समजूत मात्र प्रथम दूर केली पाहिजे. आमच्या वसईच्या होळीवरून पाचूबंदर फार दूर नाहीं. डोलजाळ्यांतून निघालेले बोंबील टोपल्यांतून बाजारास जातांना मी जन्मभर पाहत आलों. परंतु आमच्या घरांत मासा ताटांत येत नाहीं, त्यामुळें त्याचें नांवहि जिभेवर येत नाहीं. शिवाय आमच्याकडचें पाणी गढूळ. उल्हास नदीनें गाळ आणून टाकावा आणि भरती-ओहोटीनें तो रोज ढवळावा, असा प्रकार असल्यामुळें कमरेइतक्या पाण्यांत उभें राहिलें तर स्वतःचीं पावलें दिसत नाहींत. तळाशीं काय चाललें आहे तें पाहण्याची इच्छा तरी कोणास कशी व्हावी?

मालवणास गोष्ट निराळी आहे. शिवाजी महाराजांनीं १६६४ ते १६६७ या काळांत कुरटे बेटावर सिंधुदुर्ग उभारिला, हें शाळेंतल्या पोरासहि ठाऊक असतें. परंतु त्या तटाच्या भोंवतीं, दोन-चार पुरुष पाण्याखालीं, जिवंत पोवळ्यांची वस्ती आहे, हें त्याच्या शिक्षकासहि बहुधा ठाऊक नसतें. पावसाळा सरून पाणी निवळलें, म्हणजे हिवाळ्यांत तेथें खडकांवर पोवळ्यांचे गोल गड्डे व पसरट थर दिसतात, आणि त्यांच्या फटींतून चट्ट्यापट्ट्यांचे लहान मासे आंतबाहेर करीत असतात.

पोवळ्यास संस्कृतांत प्रवाल म्हणतात आणि विद्रुमहि म्हणतात. अमरकोशांत दोन्ही शब्द शेजारींच आहेत. द्रुम म्हणजे झाड. युरोपांतले पंडितहि अठराव्या शतकापर्यंत पोवळें ही वनस्पतीच मानीत. पेसोनेल नांवाच्या एका फ्रेंच वैद्यानें १७२० नंतरच्या दशकांत हें प्राण्यांचें घर आहे असें सांगितलें, तेव्हां पॅरिसच्या विद्वानांनीं त्याचें म्हणणें मनावर घेतलें नाहीं. तरीहि खरें तेंच होतें. मोहरीएवढे मऊ जीव समुद्राच्या पाण्यांतला चुना घेऊन आपलें घर बांधतात, आणि अशीं हजारों घरें एकास एक चिकटून खडक होतो. मात्र या जीवांच्या शरीरांत सूक्ष्म शैवाल राहतें. सूर्यप्रकाशावर तें अन्न तयार करतें आणि यजमानास त्यांतला मोठा वाटा देतें. तेव्हां आमच्या कोशकारांस अगदींच खोटें ठरविण्याचें कारण नाहीं. (आजीबाईंच्या अंगठींतलें तांबडें पोवळें मात्र हें नव्हे. तें भूमध्य समुद्रांतल्या दुसऱ्याच जातीचें असतें. मालवणचें पोवळें कोंदणांत बसत नाहीं.)

आतां छायाचित्राविषयीं. लुई बूताँ या फ्रेंच प्राध्यापकानें १८९३ सालीं समुद्राखालीं छायाचित्रें घेण्याचा उद्योग आरंभिला. कूस्तो व गान्याँ या दोघांनीं १९४३ मध्यें पाठीवर वाहून न्यावयाचें श्वासयंत्र सिद्ध केलें, तेव्हांपासून मनुष्यास माशाप्रमाणें मोकळेपणानें फिरतां येऊं लागलें. तरी पाणी हें फसवें माध्यम आहे. चार हातांवरचा मासा तीन हातांवर असल्यासारखा दिसतो. प्रकाशांतला तांबडा रंग पाणी प्रथम गिळतें. थोडें खोल गेलें कीं कुंकू काळपट दिसूं लागेल आणि बोटास कापलें तर रक्त हिरवट दिसेल. म्हणून छायाचित्रकारास आपला दिवा बरोबर न्यावा लागतो, आणि तो लावतांच जो खडक राखाडी वाटत होता त्यावर केशरी, जांभळे रंग उमटतात. ते रंग तेथें होतेच; पाहणारा नव्हता.

अशा पाहण्यानें काय घडतें, याची एक हकीकत ऑस्ट्रेलियाची आहे. रॉन टेलर व त्यांच्या पत्नी व्हॅलेरी हीं दोघें प्रथम भाल्यानें मासे मारण्यांत नांवाजलेलीं. रॉन तर १९६५ सालीं या खेळांत जगज्जेते झाले. पुढें दोघांनाहि त्या हत्येचा वीट आला. भाला टाकून त्यांनीं कॅमेरा हातीं घेतला. तेथील पूर्व किनाऱ्यावर ग्रे नर्स नांवाचा शार्क आहे. त्याचे वांकडेतिकडे दांत तोंडाबाहेर आलेले असतात, त्यामुळें तो नरभक्षक ठरला आणि शेंकड्यांनीं मारला गेला. वास्तविक हा प्राणी शांत. मादीस एका वेतास फार तर दोन पिलें, कारण गर्भांतच थोरलें भावंड धाकट्यांस खाऊन टाकतें! टेलर दंपतीनें त्याच्याजवळ पोहून चित्रें घेतलीं, तीं लोकांस दाखविलीं, आणि कायद्याची मागणी लावून धरिली. १९८४ सालीं न्यू साउथ वेल्स प्रांतानें या माशास संरक्षण दिलें. कायद्याचें संरक्षण मिळालेला जगांतला हा पहिला शार्क.

आमच्याकडे कायदा आधीं आला आणि पाहणारे मागून आले. मालवणचें सागरी अभयारण्य १९८७ सालीं जाहीर झालें. त्याचें क्षेत्र सुमारें २९ चौरस किलोमीटर. गाबीत बंधूंस तें रुचलें नाहीं, व त्यांचें म्हणणें समजण्यासारखें होतें: ज्या पाण्यावर पिढ्यान् पिढ्या पोट भरलें, तेथें एकाएकीं मनाई म्हटली म्हणजे कोणास रुचेल? २००१ पासून पोवळ्यास वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत वाघाच्या पंक्तीस स्थान आहे. नंतर पर्यटक आले, तारकर्लीस महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळानें बुडीचें शिक्षण देणारी संस्था काढली, आणि गाबितांचींच मुलें पाहुण्यांचा हात धरून त्यांस तळाशीं नेऊं लागलीं. ही गोष्ट मला फार चांगली वाटते. परंतु गर्दीबरोबर नांगर येतो, आणि पोवळ्यावर उभें राहून चित्र काढून घेणारा उत्साही पाहुणाहि येतो. कांहीं गोल पोवळीं वर्षास सुमारें एक सेंटीमीटर वाढतात. टाचेखालीं जें मोडतें, तें भरून येण्यास पाहुण्याचें अर्धें आयुष्य जातें.

उष्णतेचें संकट तर याहून मोठें. पाणी फाजील तापलें कीं पोवळें आपल्या देहांतलें शैवाल बाहेर टाकतें, पांढरें पडतें, आणि ताप न उतरल्यास उपाशीं मरतें. ऑस्ट्रेलियाचा ग्रेट बॅरियर रीफ दोन हजार तीनशें किलोमीटर लांब. तोहि २०१६, २०१७, २०२०, २०२२ व २०२४ या सालीं असा मोठ्या प्रमाणावर पांढरा पडला. असें कांहीं घडत असतां एकाच खडकाचें दरवर्षीं त्याच ठिकाणाहून घेतलेलें चित्र हा पुरावा होतो. तें काम पाहुण्याचें नव्हे, शिकलेल्या मनुष्याचें आहे.

आतां आजीबाईंची भीति. ती निराधार नाहीं. २०२२ च्या मे महिन्यांत बुडीहून परतणारी पर्यटकांची नौका तारकर्लीजवळ उलटली आणि दोघांचा अंत झाला. परंतु हा अपघात पाण्यावरचा होता. पाण्याखालचे नियम निराळे, आणि ते शिकतां येतात. दर दहा मीटरांस एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणून उतरतांना कान मोकळे करीत जावें. वर येतांना श्वास कधींहि कोंडूं नये, कारण फुप्फुसांतली हवा फुगते. सावकाश वर यावें. पहिल्या शिक्षणाची मर्यादा अठरा मीटरांची असते, ती ओलांडूं नये. दमा किंवा कानाचा विकार असल्यास डॉक्टरांस आधीं दाखवावें, आणि बुडीनंतर निदान अठरा तास विमानांत बसूं नये. पावसाळ्यांत तर हा विषयच बंद.

तेव्हां भगिनी, चिरंजीवांस जाऊं द्यावें, असें माझें मत आहे. मात्र कॅमेरा दुसऱ्या वर्षीं द्यावा. ज्यास पाण्यांत अजून अधांतरीं स्थिर राहतां येत नाहीं, त्याच्या हातीं यंत्र दिलें कीं त्याचें लक्ष चित्राकडे आणि पाय पोवळ्यावर. या धंद्यांत पैसा बेताचाच, हेंहि त्यांस आधीं सांगून ठेवावें. विद्या अंगीं मुरली तर काम पुष्कळ पडलें आहे. विजयदुर्गापासून पश्चिमेस सुमारें शंभर किलोमीटरांवर, कान्होजी आंग्र्यांच्या नांवानें ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा बुडालेला पठार आहे. त्याचा माथाहि पाण्याखालीं वीस मीटर. तेथलीं पोवळीं आपल्यापैकीं कितीजणांनीं पाहिलीं आहेत?

आणि त्यांस माझा एक निरोप द्यावा. प्रत्येक चित्राखालीं लॅटिन नांव असावेंच, परंतु तेथल्या गाबीत म्हाताऱ्यांस तें चित्र दाखवून त्यांच्या तोंडचें नांवहि विचारून घ्यावें, आणि तें देवनागरींत लिहून ठेवावें. आजीबाईंस चित्रें वाचून दाखवितांना तीं नांवें लागतील.