साखर बंद केली की कॅन्सर उपाशी मरतो का?

कॅन्सरचं निदान झालं की बऱ्याच घरांत आधी साखर बंद होते. पाठोपाठ भात, पोळी आणि फळंही. ‘साखर हे कॅन्सरचं खाद्य आहे’ असा मेसेज कुणीतरी पाठवलेला असतो. माझं मत स्पष्ट आहे: उपचार चालू असताना असे उपास करू नका.

त्या मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे. निरोगी पेशी ऑक्सिजनच्या मदतीने ग्लुकोज पूर्ण जाळते. एका रेणूपासून तिला ऊर्जेचे, म्हणजे एटीपीचे, साधारण ३० रेणू मिळतात. कॅन्सरच्या अनेक पेशी मात्र ऑक्सिजन असूनही बरंचसं ग्लुकोज अर्धवट वापरून त्याचं लॅक्टिक आम्ल करतात. त्या मार्गाने मिळतात फक्त २ एटीपी. जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वॉरबर्ग यांनी १९२० च्या दशकात हे दाखवून दिलं. मग ही उधळपट्टी कशासाठी? झपाट्याने वाढणाऱ्या पेशीला ऊर्जेबरोबर नव्या पेशी बांधायला कच्चा मालही लागतो, आणि ग्लुकोजमधून तो मिळतो. पेट स्कॅनमध्ये गाठ उठून दिसते, तीही तिने ग्लुकोजसारखा किरणोत्सारी पदार्थ जास्त ओढून घेतल्यामुळे.

पण तुम्ही गोड सोडलंत म्हणून रक्तातलं ग्लुकोज संपत नाही. मेंदूला ते लागतंच, म्हणून यकृत ते तयार करतं. त्यासाठी तुमच्या स्नायूंमधलं प्रथिन खर्ची पडतं. शिवाय कॅन्सरच्या पेशी ग्लुटामिन आणि चरबीवरही भागवू शकतात. म्हणजे उपाशी तुम्ही राहता, गाठ नाही. वजन आणि ताकद घटली की केमोथेरपी सोसत नाही. कधी डोस कमी करावा लागतो, कधी पुढे ढकलावा लागतो.

मिठाई, कोल्ड्रिंक जरूर कमी करा. मधुमेह असेल तर साखर काबूत ठेवाच. पण वरण-भात, भाकरी, उकडलेली अंडी, दूध, उसळ हे झेपेल तसं थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा घ्या. तोंड आलं असेल तर मऊ खिचडी किंवा पेज घ्या. दर आठवड्याला वजन लिहून ठेवा. उतरत असेल तर लगेच डॉक्टरांना सांगा. ‘कीटो’सारख्या आहारावर संशोधन सुरू आहे, पण तो उपचारांना पर्याय नाही, कॅन्सरतज्ज्ञांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

मेसेज पाठवणाऱ्याची काळजी खरी असते. त्याला सांगा, मेसेजऐवजी डबा पाठव.