काचबिंदू : निदानाआधी नेत्रतर्पण नको

पवनेच्या काठचे पिंपळे सौदागर हे एकेकाळचे शेतीचे गाव. आज तेथे उंच इमारती उभ्या आहेत आणि हिंजवडीच्या संगणक कंपन्यांत नोकरी करणारी तरुण कुटुंबे त्यांत राहतात. त्यांच्याबरोबर मराठवाडा, खानदेश, विदर्भ येथून आलेले त्यांचे वृद्ध आईवडीलही येथे स्थिरावले आहेत. त्यामुळे या परिसरातील वैद्याकडे नेत्राच्या तक्रारी घेऊन येणारा रुग्णवर्ग मुख्यतः दोन प्रकारचा असतो. दिवसभर पडद्याकडे पाहून डोळे शुष्क झालेले तरुण हा एक, आणि ‘हल्ली नीट दिसत नाही, तर्पण करून पाहावे म्हणतो’ असे सांगणारे त्यांचे आईवडील हा दुसरा. यांपैकी दुसऱ्या वर्गाविषयी काही स्पष्टपणे लिहिणे आम्हास आवश्यक वाटते. त्या वर्गात काचबिंदूचे रुग्ण असतात, आणि हा विकार ओळखण्यात गल्लत झाली तर गेलेली दृष्टी कोणत्याही पद्धतीच्या चिकित्सेने परत आणता येत नाही.

नावांचा घोळ

गल्लतीची सुरुवात नावापासून होते. आपल्या ग्रंथांत ‘काच’ ही तिमिराची पुढची अवस्था आहे. दोष तृतीय पटलात पोहोचला की काच आणि चतुर्थ पटलात पोहोचला की लिंगनाश, असा क्रम वाग्भटाने मांडला आहे. या मालिकेचा संबंध आपण पुष्कळ अंशी मोतीबिंदूशी जोडतो. मराठीत मात्र ‘काचबिंदू’ हे नाव ज्या विकाराला रूढ झाले, त्यात दृष्टिनाडीची हानी होते आणि बहुधा नेत्रगोलातील दाबही वाढलेला असतो. केवळ शब्दसाम्यावरून काचबिंदूच्या रुग्णास काचाची चिकित्सा देणे म्हणजे एका व्याधीचे औषध दुसऱ्या व्याधीस देणे होय. रुग्णही ‘बिंदू’ एवढाच शब्द लक्षात ठेवतो आणि दोन्ही विकार एकच समजतो.

हा घोळ केवळ आपल्याकडेच झाला असे नाही. ग्रीकांच्या ज्या शब्दावरून ‘ग्लॉकोमा’ हे नाव आले, त्या शब्दाच्या पोटात युरोपातही अठराव्या शतकापर्यंत मोतीबिंदू व काचबिंदू हे दोन्ही विकार एकत्र नांदत होते. हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये नेत्राच्या अंतर्भागाचे दर्शन घडविणारे उपकरण जाहीर केल्यावर दृष्टिनाडीचे मुख जिवंत माणसात पाहता येऊ लागले. १८५७ मध्ये फॉन ग्रेफे यांनी तीव्र काचबिंदूवर बुबुळाचा छेद देण्याची शस्त्रक्रिया मांडली. तात्पर्य, हा विकार डोळ्यांच्या आत डोकावल्यानंतरच नीट कळला. केवळ बाहेरून पाहून तो नेहमी ओळखता येईल, असा आग्रह आपणही धरू नये.

लाल डोळ्याचे विवेचन

तीव्र स्वरूपाच्या काचबिंदूशी सर्वाधिक साम्य असणारा व्याधी सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात वर्णिला आहे, तो म्हणजे अधिमंथ. अभिष्यंदाची उपेक्षा झाली तर अधिमंथ होतो, डोळा उपटून घुसळला जात असल्यासारखी वेदना होते आणि ती अर्ध्या मस्तकात पसरते, असे ते सांगतात. त्यापुढील त्यांचे विधान प्रत्येक वैद्याने स्मरणात ठेवण्यासारखे आहे. मिथ्या उपचार झाल्यास कफज अधिमंथ सात रात्रींत, वातज सहा रात्रींत, रक्तज पाच रात्रींत आणि पित्तज तर तत्काळ दृष्टीचा नाश करतो. अधिमंथात कालहरण चालत नाही, ही समज आपल्या शास्त्राची स्वतःची आहे.

जुलै २०२३ मध्ये आळंदीत डोळ्यांची साथ आली आणि त्याच पावसाळ्यात पुणे व पिंपरी-चिंचवडमध्येही डोळे आलेल्यांची रीघ लागली. अशा दिवसांत प्रत्येक लाल डोळा ‘आलेला’ वाटू लागतो. खरी परीक्षा तेव्हाच असते. अभिष्यंदात चिकट स्राव असतो, पापण्या चिकटतात, खाज किंवा खुपणे असते. परंतु स्राव पुसल्यावर रुग्णास बहुधा पूर्वीसारखे दिसते आणि बाहुली प्राकृत असते. तीव्र काचबिंदूत बहुधा एकाच डोळ्यात अकस्मात वेदना उठते, दृष्टी झपाट्याने मंदावते आणि दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी वलये दिसतात. लाली कृष्णमंडलाभोवती अधिक असते, कृष्णमंडल धुरकट होते, बाहुली मध्यम विस्फारलेली राहते व प्रकाशाने आकुंचित होत नाही. मिटलेल्या पापणीवरून दोन बोटांनी हलके चाचपले असता तो डोळा दुसऱ्यापेक्षा कठीण लागतो. बुबुळाच्या दाहातही वेदना व लाली असते, पण तेथे बाहुली लहान होते आणि उजेड सहन होत नाही.

तीव्र काचबिंदूच्या रुग्णास वांत्या होतात, हे विसरले जाते. वेदना अर्ध्या मस्तकात आणि जोडीला वमन, म्हणून अर्धावभेदक किंवा अम्लपित्त समजून औषध दिले जाते, डोळ्याकडे पाहिलेच जात नाही आणि मोलाचे तास निघून जातात. वयस्क व्यक्तीस एका बाजूची शिरोवेदना व उलटी असेल तर प्रथम त्या बाजूच्या बाहुलीवर प्रकाश टाकून पाहावा. त्यास अर्धे मिनिटही लागत नाही.

न दुखणारा काचबिंदू

तीव्र प्रकार निदान हाक तरी मारतो. अधिक प्रमाणात आढळणारा प्रकार निःशब्द असतो. त्यात वेदना नसते, लाली नसते आणि दृष्टी कडेकडेने क्षीण होत जाते. मध्यभाग अखेरपर्यंत टिकतो, त्यामुळे भिंतीवरील तक्त्यातील शेवटची ओळ रुग्ण वाचूनही दाखवतो. मोतीबिंदूत सर्वच दृश्य धूसर होते, समोरून येणाऱ्या दिव्यांचा त्रास होतो आणि शस्त्रक्रियेने बहुधा पुन्हा चांगले दिसते. निःशब्द काचबिंदूत समोरचे स्पष्ट दिसत असताना बाजूची पायरी, बाजूने येणारे वाहन, दाराची चौकट निसटते. आणि निसटलेले पुन्हा मिळत नाही. चष्म्याचा क्रमांक वारंवार बदलत असेल तर त्यास केवळ चाळिशी म्हणून सोडून देऊ नये.

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार भारतात चाळिशीपुढील सुमारे १ कोटी १२ लाख व्यक्तींना काचबिंदू होता. दक्षिण भारतातील लोकसंख्येवर आधारित पाहण्यांत, ज्यांना हा विकार आढळला त्यांपैकी बहुसंख्यांना तो असल्याची आधी कल्पनाच नव्हती. ही माणसे इतर कारणांसाठी आपल्याकडेही येत असतात.

काही प्रसंग वैद्यांनी विशेष ध्यानात ठेवावेत. ‘मोतीबिंदू पिकू द्या, मग काढू’ हा सल्ला आता कालबाह्य आहे. अतिपक्व मोतीबिंदूमुळेच दाब वाढून तीव्र काचबिंदू होऊ शकतो. डोळ्यांच्या खाजेसाठी औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेले स्टिरॉइडचे थेंब महिनोन्‌महिने घातल्याने मुलांनाही काचबिंदू होतो. कनकासवात धोत्रा आहे आणि धोत्र्याने बाहुली विस्फारते, म्हणून ज्याच्या नेत्राचा कोन अरुंद असल्याचे सांगितले गेले आहे अशा श्वासरुग्णास ते देण्यापूर्वी विचार करावा. तान्ह्या मुलाचे डोळे मोठे व पाणावलेले असतील आणि उजेडाकडे पाहताना ते मिटत असतील तर त्यांच्या टपोरेपणाचे कौतुक करण्याआधी नेत्रतज्ज्ञास दाखवावे.

आमचे मत

गृहसंकुलांच्या सभागृहांतून आरोग्य शिबिरे भरतात आणि त्यांत नेत्रतर्पणास चांगला प्रतिसाद मिळतो. नेत्रतर्पणाच्या उपयुक्ततेविषयी आमच्या मनात शंका नाही. आक्षेप आहे तो निदानाविना होणाऱ्या तर्पणावर. उपद्रव शांत झाला नसताना तर्पण करू नये, हा निषेध ग्रंथोक्तच आहे. डोळ्यांना थंडावा मिळाला की रुग्ण समाधानाने घरी जातो, आणि त्या समाधानात पुढची तपासणी सहा महिने लांबते. निःशब्द काचबिंदूत हे सहा महिने महाग पडतात.

‘दाबमापन हे आपल्या शास्त्राचे काम नव्हे’ असे काही ज्येष्ठ वैद्य म्हणतात. त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखूनही आम्ही याच्याशी सहमत नाही. प्रत्यक्ष हे आपल्याकडे प्रमाण आहे. साधन नवे असले म्हणून प्रत्यक्षाचे मोल घटत नाही. शिवाय नेत्ररोगांचा विषय आला तेव्हा खुद्द चरकाचार्यांनी, हा दुसऱ्या तंत्राचा अधिकार आहे, येथे विस्तार करणे प्रशस्त नव्हे, असे म्हणून मर्यादा आखून घेतली. ज्याचा अधिकार त्याच्याकडे रुग्ण पाठविणे हा पराभव असता, तर चरकांनी ते लिहून ठेवले नसते. मात्र केवळ दाबाच्या आकड्यावरही विसंबू नये. साधारणतः १० ते २१ मिलिमीटर पारा हा प्राकृत दाब मानला जातो, परंतु त्या मर्यादेतही दृष्टिनाडीची हानी झालेले रुग्ण असतात. म्हणून नाडीमुखाची तपासणी आणि आवश्यक तेथे दृष्टिक्षेत्राचे मापन हवेच.

या विवेचनातून आमच्या सूचना अशा :

१. चाळिशीपुढील कोणत्याही रुग्णावर नेत्रक्रियाकल्प करण्यापूर्वी दाब व नाडीमुख यांचा अलीकडील अहवाल पाहावा. नसेल तर आधी तो करून आणण्यास सांगावे. शिबिरातही हाच नियम असावा.

२. पाच प्रश्न प्रत्येकास विचारावेत. आईवडील वा भावंडांत कोणास काचबिंदू आहे काय? दिव्याभोवती वलये दिसतात काय? बाजूच्या वस्तूंना धक्का लागतो काय? डोळ्यास कधी मार लागला होता काय? स्टिरॉइडचे थेंब, गोळ्या किंवा नाव नसलेल्या पुड्या घेतल्या आहेत काय?

३. अधिमंथाची शंका आली तर लेप, सेक, आश्च्योतन यांत वेळ न दवडता रुग्णास त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासाला पाठवावे. आपल्या भागास पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय व औंधचे जिल्हा रुग्णालय जवळ आहे. सोबत लक्षणे व वेळ लिहिलेली चिठ्ठी द्यावी.

४. नेत्रतज्ज्ञाने दिलेले थेंब आपल्या सांगण्यावरून बंद होऊ नयेत. ते आयुष्यभर घालावे लागतात, त्याने दृष्टी सुधारल्याचे जाणवत नाही, म्हणून कंटाळलेला रुग्ण आपल्याकडे पर्याय मागतो. थेंबांचे काम उरलेली दृष्टी राखण्याचे आहे, हे त्यास समजावून सांगणे हीदेखील चिकित्साच आहे.

५. ‘काचबिंदू समूळ बरा’ अशी जाहिरात कोणीही करू नये. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत काचबिंदूचा समावेश आहे, म्हणून ती बेकायदेशीर तर आहेच. त्याहून गंभीर गोष्ट अशी की तिच्यावर विसंबणारा माणूस अंध होतो.

शालाक्य हे अष्टांगांतील एक अंग आणि सुश्रुताने वर्णिलेले ७६ नेत्ररोग यांचा आपणास सार्थ अभिमान आहे. हा अभिमान चिकित्सालयात दिसावयाचा असेल तर तो निदानाच्या काटेकोरपणातून दिसावा. आमच्या शाखांनी पुढील शिबिराचे निमंत्रण छापताना ‘प्रथम नेत्रदाब व नाडीमुख तपासणी, नंतर तर्पण’ एवढी एक ओळ त्यात घालावी, अशी आमची सर्व वैद्यबंधुभगिनींना आग्रहाची विनंती आहे.