दोरी कोणाच्या हातात?



गेल्या रविवारी विहारातील वंदना आटोपून आम्ही बाहेर पडलो, तर आवारातल्या बोधिवृक्षाच्या पारावर पाच-सहा पोरे डोक्याला डोके लावून बसलेली. विषय काय, तर मुंजा! २०२४ साली ‘मुंज्या’ नावाचा सिनेमा येऊन गेला, तो त्यांतल्या एकीने मोबाईलवर पाहिला होता. "पिंपळावरच राहतो तो," ती ठासून सांगत होती आणि बाकीची हळूच वर पाहत होती. ज्या झाडाखाली सिद्धार्थाला बोधी झाली, त्याच झाडावर लोकांनी भूत नेऊन बसवले, आणि आता ते आमच्या विहारापर्यंत आले, म्हणून आम्ही रागवायच्या बेतात होतो. पण पोरांच्या मधोमध एक मोठा माणूसही मांडी घालून बसला होता. त्याने हातानेच आम्हाला थांबवले.

"काका, एक मिनिट," म्हणाला, आणि पोरांकडे वळला. "मुंजा कोण होतो? ज्याची मुंज झाली आणि लग्नाआधी जो मेला तो. बरोबर? आता सांगा, आपल्यात मुंज करतात का?"

"नाही!"

"मग आपल्यातला कोण मुंजा होणार? आणि तिकडचा मुंजा आपल्या झाडावर कशाला येईल? त्याला विटाळ नाही होणार?"

पोरे खो-खो हसली आणि पळाली. आमचे अर्ध्या तासाचे व्याख्यान त्याने अर्ध्या मिनिटात उरकले.

हा गृहस्थ म्हणजे निगडीच्या ओटा स्कीममधला आमच्या ओळखीचा एक तरुण. वय तिशीच्या आसपास, आयटीआय फिटर, चाकणला कंत्राटी. आणि भुताच्या सिनेमांचा असा शौकीन की त्याच्या बायकोने त्याचे नाव ‘सामरी’ ठेवले आहे.

त्याचा दिवस ऐका. सेकंड शिफ्ट असली की दुपारी कंपनीच्या बसमध्ये बसायचे. मोशी ओलांडली की वाहतूक कोंडीला सुरुवात. चाकण चौकात बस अडकली की अडकलीच. बाकीचे झोपतात, हा एका कानात इयरफोन घालून सिनेमा लावतो. एका बसफेरीत अर्धा सिनेमा. उरलेला रात्री परतताना. घरी पोचेपर्यंत एक वाजतो. खोली एकच, बायको आणि लहान मुलगी झोपलेली. हा अंधारात भाकरी-कालवण खातो आणि शेवटची दहा मिनिटे राहिली असतील तर मोरीच्या उंबऱ्यावर बसून संपवतो. मुलगी जागी असताना एकही सिनेमा लावायचा नाही, हा त्याचा नियम. रविवारी सिनेमाच नाही; रविवारी बाजार, विहार आणि सासुरवाडी.

आणि त्याची एक वही आहे. शंभर पानी, पुठ्ठ्याची. तीत रेघा मारून रकाने केले आहेत: तारीख, सिनेमाचे नाव, भूत कसले, आणि चौथा रकाना ‘दोरी’. आम्ही विचारले, हे काय? तर म्हणाला, "काका, भुताच्या सिनेमात दार आपोआप उघडतं ना, तेव्हा दारामागं एक माणूस दोरी धरून बसलेला असतो. ती दोरी मला सापडली की मी खूण करतो." म्हणजे युक्ती कुठली: तार, आरसा, रबरी मुखवटा की नुसता आवाज. त्याच्या मते अर्धे भूत कानात असते. आवाज बंद करून पाहिले तर भले भले भूत बापुडवाणे दिसते. आम्ही घरी करून पाहिले. खरे आहे.

आता आम्हीही काही धुतल्या तांदळासारखे नाही, हे कबूल केले पाहिजे. आमच्या लहानपणी वस्तीत वर्गणी काढून एका रात्रीसाठी व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही भाड्याने आणत. पहिला सिनेमा घरच्या बायकांसाठी रडका, दुसरा अमिताभचा, आणि पहाटे दोननंतर, म्हाताऱ्या झोपल्या की, ‘पुराना मंदिर’. एका पांघरुणात चौघे. १९९३ साली झी टीव्हीवर ‘हॉरर शो’ सुरू झाला, १९९५ साली सोनीवर ‘आहट’. ज्याच्या घरी केबल त्याच्या दारात आमच्या चपला. त्याच १९९३ सालच्या ‘झपाटलेला’मधल्या तात्या विंचूने तर आमच्या धाकट्या बहिणीला कापडी बाहुलीलासुद्धा हात लावू दिला नाही.

हे भुतांचे सिनेमे काढणारे रामसे बंधू कोण होते, हे आम्हाला या शौकिनाकडूनच नीट कळले. मूळ आडनाव रामसिंघानी. कराचीचे सिंधी, आपल्या पिंपरी कॅम्पातली कुटुंबे जशी फाळणीत सगळे सोडून आली, तसेच हेही. मुंबईत रेडिओचे दुकान टाकले, मग वडिलांना सिनेमाचा नाद लागला. १९७० सालचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर राक्षसी मुखवटा घालून चोरी करायला येतात तेवढा प्रसंग लोकांना भारी आवडला, हे पोरांनी टॉकीजमध्ये बसून हेरले. वडिलांना म्हणाले, तेवढाच प्रसंग अख्खा सिनेमाभर करू या! म्हणून १९७२ साली ‘दो गज जमीन के नीचे’. सगळे खटले बरोबर घेऊन महाबळेश्वर गाठले आणि चाळीसेक दिवसांत सिनेमा उरकला. सात भाऊ: एक लिहायचा, दोघे दिग्दर्शन, कोणी कॅमेरा, कोणी आवाज, कोणी जोडणी. घरातल्या घरात सगळी डिपार्टमेंटे. लहान वर्कशॉप चालवणाऱ्याला हे लगेच समजेल.

आणि ‘पुराना मंदिर’मधला तो सामरी? ज्याला पाहून आम्ही पांघरुणात तोंड खुपसले, तो नट चक्क रुडकीहून शिकलेला सिव्हिल इंजिनीअर! आमचा शौकीन हे सांगताना दर वेळी हसतो. "आमच्याकडंपण इंजिनीअरलाच घाबरतात, काका."

तरीही सुरुवातीला आमचे त्याच्याशी जमत नसे. एकीकडे आम्ही वस्तीत अंगारे-धुपारे सोडा म्हणून घसा कोरडा करायचा, आणि दुसरीकडे शिकलेल्या पोराने रात्रंदिवस भुते पाहायची? आम्ही त्याला स्पष्टच बोललो. तो ऐकून घेई. मग एकदा त्याने आम्हालाच विचारले, "तुमचे आजोबा भुताला भ्यायचे का?"

आमचे आजोबा १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून पिंपरीला आले. त्याआधी गावकीत मयताचा सांगावा पोचवणे हे त्यांच्याकडे. रात्री-अपरात्री कोणी गेले की काठी घेऊन निघायचे, मसणवाटेने, ओढ्याने, दोन-दोन गावे. सरणाची लाकडेही त्यांनीच वाहायची. आजोबा म्हणत, "गावाला भुताचं भ्या होतं. आमाला पाटलाचं. वाटंत भूत भेटलं असतं तर त्यालाच म्हटलं असतं, बाबा, चार पावलं सोबत ये." हे आम्ही सांगितले तेव्हा त्याने वहीत लिहून घेतले. सिनेमाच्या वहीत! रकाना कोणता, ते विचारायचे राहिले.

त्याच्या आवडीचे दोन सिनेमे त्याने आम्हाला सक्तीने दाखवले. एक २०१७ सालचा मराठी ‘लपाछपी’. उसाच्या फडातले एकाकी घर, पोटुशी बाई, आणि पोटातल्या मुली मारून टाकणारे सासर. आमच्या सौभाग्यवतींनी पाहिला आणि म्हणाल्या, "यात भूत कुठंय? हे तर आमच्या गावात झालंय." दुसरा २०१८ सालचा ‘तुंबाड’, त्याची गोष्ट पुढे येईल.

आता ज्यासाठी हे सगळे लिहायला घेतले, तिकडे येतो. २०२३ सालची गोष्ट. चाकणच्या बाजूला एक लहानशी शेड, नाव सांगत नाही. मोठ्या कंपन्यांना लागणारे पत्र्याचे भाग तिथे दाबून निघतात. आमचा शौकीन तेव्हा तिथे ठेकेदाराकडून लागला होता. तिथल्या एका जुन्या पॉवर प्रेसविषयी बोलवा अशी, की तो आपोआप पडतो. पेडलवर पाय नसताना वरचा दांडगा रॅम धाडकन खाली. शेडच्या जागी पूर्वी मसणवटा होता म्हणे. रखवालदाराने पांढरे काही पाहिले म्हणे. आणि एके रात्री धाराशिवकडच्या एकोणीस वर्षांच्या पोराची, दाबलेला तुकडा काढताना, उजव्या हाताची दोन बोटे गेली. मधली दोन.

मालकाने काय केले? नारळ फोडला, प्रेसला लिंबू-मिरची बांधली आणि अमावस्येच्या रात्री तो प्रेस बंद ठेवायचा हुकूम काढला. कामगार म्हणाले, मालक देवमाणूस आहे. त्या पोराचे नाव ईएसआयमध्ये अपघाताच्या दुसऱ्या दिवशी चढले, याची चर्चा कोणी केली नाही. सगळे भुताविषयी बोलत होते.

एक माणूस तेवढा बोलत नव्हता. त्याने ती वही उलटी केली आणि मागच्या बाजूने रेघा मारल्या. तारीख, पाळी, वेळ, प्रेस कितव्या नगावर पडला, आणि पाचवा रकाना तोच: दोरी. सहा आठवडे त्याने नोंदी ठेवल्या. दुसऱ्या पाळीतल्या माणसांना चहा पाजून त्यांच्याकडून वेळा विचारून घेतल्या. अकरा वेळा प्रेस आपोआप पडला होता. त्यांतल्या सात वेळा भर दिवसा. भूत दिवसपाळीलाही येत होते!

मग त्याने आम्हाला समजावले, तसेच आम्ही लिहितो. अशा जुन्या प्रेसमध्ये पेडल दाबले की क्लचची चावी फिरत्या चाकात अडकते, रॅम एकदा खाली येतो आणि वर जाऊन थांबतो. ती चावी झिजली, तिची स्प्रिंग थकली किंवा ब्रेक ढिला पडला, की रॅम थांबायचा राहतो आणि न बोलावता दुसऱ्यांदा खाली येतो. त्या वेळी हात आत असला की संपले. चावी किरकोळ किमतीची. बदलायला प्रेस काही तास बंद ठेवावा लागतो, आणि माल वेळेवर द्यायचा असल्याने ते काही तास कोणी देत नव्हते. देखभालीच्या रजिस्टरात मात्र दर आठवड्याला ‘ओके’ आणि खाली सही. आम्ही कारकून माणसे. न पाहता मारलेली सही कशी दिसते ते आम्हाला दुरून ओळखू येते.

"काका, दोरी सापडली," तो म्हणाला. हसत नव्हता.

अर्ज आम्ही लिहिला. त्या वेळी कारखाने अधिनियम, १९४८ लागू होता. यंत्राचे धोकादायक भाग झाकलेले असावेत असे त्याचे कलम २१ सांगत होते. ते घातले, वहीची पाने नकलून जोडली, आणि साहेबाकडे पाठवण्याआधी एक प्रत शेडच्या मॅनेजरला दिली. आठ दिवसांत नवी चावी बसली, ब्रेक आवळला, पुढे जाळीचा गार्ड आला, तुकडा काढायला चिमटा आला. त्यानंतर तो तिथे असेपर्यंत प्रेस एकदाही आपोआप पडला नाही. लिंबू-मिरची मात्र कोणी काढली नाही. कामगार म्हणाले, लिंबानेच गुण दिला!

तीन महिन्यांनी ठेकेदाराने त्याला सांगितले, उद्यापासून येऊ नको. कारण काही नाही. कंत्राटी माणसाला कारण द्यावे लागत नाही, अशी ठेकेदाराची समजूत असते. कोणी म्हणाले, त्या जागेनेच त्याला खाल्ले. दोन महिने घरी होता. त्या दोन महिन्यांत त्याने एकही भुताचा सिनेमा पाहिला नाही, हे त्याच्या बायकोने आम्हाला सांगितले आणि तिचे डोळे भरून आले. "दिवसभर नुसता फोनकडं बघत बसायचा, कुणाचा कॉल येतोय का. त्यापेक्षा भुतं बरी होती हो."

पुढे चाकणलाच दुसरीकडे लागला. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘तुंबाड’ टॉकीजांत पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. याने पगारातून तीन तिकिटे काढली. एक स्वतःचे, एक आमचे आणि एक त्या धाराशिवच्या पोराचे. सोन्याच्या लोभाने जो-तो त्या विहिरीत उतरतो, एकदा जीव वाचला तरी पुन्हा उतरतो. आम्ही खुर्चीचा हात घट्ट धरून बसलो होतो. हस्तर आला तेव्हा पोराने उजव्या हाताने डोळे झाकले आणि मोठ्याने म्हणाला, "काका, मला झाकताच येत नाय. मधनं दिसतंय सगळं." मागच्या रांगेतले हसले. त्यांना काय माहीत!

येत्या मंगळवारी त्याच्या भरपाईच्या दाव्याची तारीख आहे. आम्ही अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे. शौकिनाची फर्स्ट शिफ्ट आहे, त्याला येता येणार नाही. वही त्याने काल रात्री घरी आणून दिली. मागची पाने दाखवायची आहेत.