इद्दत आणि सहा महिने

वर्ध्याहून नागपूरला जाताना पवनारला धाम नदीचा पूल लागतो. विनोबांचा आश्रम पाहायला येणारे तिथे थांबतात. मी मात्र तिथून मान खाली घालून जातो. तीन वर्षांपूर्वी याच परिसरात माझ्या मामेबहिणीचा नवरा गेला. ग्रील-शटरचं वेल्डिंग करायचा. सेलूचं काम आटोपून रात्री दुचाकीवर घरी येत होता, मालवाहू टेम्पोने धडक दिली. मागे बायको, दोन लहान मुलं आणि म्हातारी आई.

दफनानंतर पाचव्या दिवशी टेम्पोचा मालक गावातली दोन वजनदार माणसं घेऊन आला. चाळीस हजार रुपये आणि 'आमची काही तक्रार नाही' असं लिहिलेला कागद त्याने पुढे ठेवला. बैठकीत घरातले बुजुर्ग होते, जमातीतले दोघे होते. मीही होतो. मामू म्हणाले, "लड़की इद्दत में है, कोर्ट-कचहरी का नाम मत लो." दुसरे म्हणाले, जे व्हायचं ते तकदीरमध्ये होतं. चार पुस्तकं शिकलेला मी गप्प बसलो. सासऱ्यांनी कागदावर अंगठा दिला. जिचा नवरा गेला होता ती आतल्या खोलीत होती. तिला कुणी विचारलं नाही.

हे लिहिण्यामागे त्या गप्प बसण्याची लाज आहे. आपल्या मोहल्ल्यांत अशा बैठका होतच असतात, त्यामुळे हा केवळ माझ्या घरचा किस्सा नाही.

आधी दिवस मोजू. पतीच्या निधनानंतरची इद्दत चार चांद्र महिने आणि दहा दिवसांची, म्हणजे साधारण १२८ दिवस. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. तेव्हापासून कलम १६६ नुसार नुकसानभरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करावा लागतो. सहा महिन्यांतून इद्दत वजा केली तर हातात दोन महिनेही उरत नाहीत. त्यातच एफआयआरची प्रत, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, गाडीची व विम्याची कागदपत्रं आणि वारसांचे दाखले गोळा करायचे असतात. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे. केवळ उशीर झाला म्हणून अर्ज फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेशही न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर कोणत्याही विधवेने बसू नये.

मुळात इद्दत आणि अर्ज यांत भांडण आहेच कुठे? हनफी फिक्हप्रमाणे इद्दतीतल्या विधवेला गरजेच्या कामासाठी दिवसा बाहेर पडता येतं, रात्री मात्र घरी असावं लागतं. मुलांच्या पोटापाण्याहून मोठी गरज कोणती? तिला बाहेर पडायचंच नसेल तर वकील घरी येऊन वकीलपत्रावर सही घेऊ शकतो. कायद्याने वारसांपैकी कुणीही एक जण सर्वांच्या वतीने अर्ज करू शकतो. अर्ज अपघाताच्या ठिकाणीच करावा असंही नाही, आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही चालतो. म्हणजे वाट बंद नव्हती. आम्हीच ती इद्दतीचं नाव पुढे करून बंद केली होती.

आता त्या चाळीस हजारांचा हिशेब करू. समजा मरण पावलेला माणूस ३२ वर्षांचा आहे, स्वतःचा धंदा करतो आणि महिन्याला १५ हजार कमावतो. सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांत हिशेबाची रीत ठरवून दिली आहे. वय चाळिशीच्या आत असेल तर भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरायचे, म्हणजे २१ हजार. चार जण अवलंबून असतील तर त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करायचा, उरले १५,७५०. वर्षाचे झाले १ लाख ८९ हजार. या वयाला १६ ने गुणायचं. उत्तर येतं ३० लाख २४ हजार. अंत्यविधी वगैरेच्या ठरलेल्या रकमा वेगळ्या. कमाईचा पुरावा कच्चा असेल किंवा चुकीचा काही भाग दुचाकीस्वाराचाही ठरला तर रक्कम कमी होते. पण कितीही कमी झाली तरी ती चाळीस हजारांवर येत नाही.

चूक कुणाची या वादात पडायचं नसेल तर कलम १६४ आहे. त्यात चूक सिद्ध करावी लागत नाही. मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. मात्र १६४ किंवा १६६, दोन्हींपैकी एकच वाट घेता येते. धडक देणारी गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर हिट अँड रन योजनेतून मृत्यूला दोन लाख व गंभीर जखमीला ५० हजार मिळतात. कुटुंबात सातबारा असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून अपघाती मृत्यूला दोन लाखांची मदत आहे. तिचा अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत द्यायचा असतो, म्हणजे इद्दत संपेपर्यंत ती मुदत केव्हाच निघून गेलेली असते. बँकेच्या पासबुकातून वर्षाला २० रुपये कापले जात असतील तर तो पंतप्रधान सुरक्षा विमा आहे, त्याचेही दोन लाख असतात. पासबुक उघडून पाहायला कुणाला सुचत नाही.

आता मोहल्ल्यातल्या तीन आक्षेपांकडे येतो.

पहिला आक्षेप तकदीरचा. मृत्यू अल्लाहच्या हातात आहे यावर माझाही ईमान आहे. पण नकळत झालेल्या हत्येबद्दल कुरआनातल्या सूरह अन-निसाच्या ९२ व्या आयतीत थेट हुकूम आहे. प्रायश्चित्त वेगळं, आणि मृताच्या घरच्यांना दियत द्यायची ती वेगळी. घरच्यांनी ती सदका म्हणून सोडली तरच माफ. तकदीर म्हणून विषय संपत असता तर दियत सांगण्याची गरजच पडली नसती. शिवाय ती सोडण्याचा अधिकार वारसांचा आहे. बैठकीला आलेल्या बुजुर्गांचा नाही, माझा तर नाहीच.

दुसरा आक्षेप, हे रक्ताचे पैसे आहेत, खाऊ नयेत. वरच्या आयतीनंतर त्यावर वेगळं काय सांगावं? गंमत अशी, की हेच लोक चाळीस हजार घ्यायला सांगत होते. थोडे घेतले तर सबर आणि हक्काचे मागितले तर लालच, असं हे गणित आहे.

तिसरा आक्षेप, विमा हराम आहे. हा प्रश्न मी हलक्यात घेत नाही. व्याज आणि अनिश्चितता यांमुळे व्यापारी विम्यावर उलेमांचा आक्षेप आहे. जेद्दाच्या इस्लामी फिक्ह अकादमीने १९८५ साली व्यापारी विमा नाकारला आणि सहकारी तत्त्वावरचा विमा मान्य केला. पण इथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. माझ्या मामेबहिणीने कुठलाही विमा काढला नव्हता, कुठल्या कराराला ती पक्ष नव्हती. तिच्या नवऱ्याचा जीव दुसऱ्याच्या गाडीने घेतला, त्याची भरपाई ती मागत होती. ती मालकाने द्यावी की मालकाच्या विमा कंपनीने, हा त्या दोघांचा मामला. दुसरं म्हणजे, एकाच्या हातून झालेल्या चुकीचा भार अनेकांनी वाटून घ्यायचा हे आपल्या फिक्हला नवीन नाही. नकळत झालेल्या हत्येची दियत 'आकिला' म्हणजे त्या माणसाचा समूह भरायचा, तीन वर्षांत, हप्त्यांनी. हजरत उमर यांच्या काळापासून हनफींनी आकिला केवळ रक्ताच्या नात्यापुरती ठेवली नाही, एकाच दिवाणात नोंद असलेल्यांनाही त्यात घेतलं. आजचा थर्ड पार्टी विमा हुबेहूब तसा आहे असं मी म्हणत नाही. पण त्यामागची गरज तीच आहे.

हेच बोट आपल्याकडेही वळवायला हवं. आपल्याच पोरांच्या किती दुचाक्यांचा विमा चालू आहे? नवी गाडी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीने मिळतो, तो संपला की विषय संपतो. तो विमा आपल्यासाठी नसतो, आपल्या चाकाखाली येऊ शकणाऱ्या अनोळखी माणसासाठी असतो. विमा नसेल तर भरपाई मालकाच्या खिशातून जाते. लायसन्स नसलेल्या पोराच्या हातात गाडी दिली, तर कंपनी पीडिताला पैसे देऊन ते मालकाकडून वसूल करू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सांगितलं आहे. आणि जुनी गाडी विकून कागद नावावर न करण्याची आपली सवय! २०१८ च्या निकालाप्रमाणे आरटीओत ज्याचं नाव, तोच मालक. गाडी तीन हात पुढे गेली असली तरी नोटीस पहिल्याच्या घरी येते.

१ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली बस पेटली. २५ माणसं गेली, त्यांत वर्ध्याचेही प्रवासी होते. सरकारने मृतांच्या वारसांना पाच-पाच लाख जाहीर केले. मोठा अपघात असला की मंत्री येतात, रक्कम जाहीर होते. पवनारच्या वळणावर एकटा वेल्डर गेला तर कुणी येत नाही. पण सरकारची ती मदत म्हणजे अनुग्रह, दाव्याची भरपाई म्हणजे हक्क. पहिली मिळाली म्हणून दुसरी संपत नाही आणि पहिली मिळाली नाही म्हणूनही दुसरी अडत नाही. पवनारच्या म्हाताऱ्याने जमीन मागितली तीही भीक म्हणून नव्हे. मला घरातला आणखी एक मुलगा समजा आणि माझा हिस्सा द्या, असं विनोबा म्हणत. आपण मात्र हिस्सा सोडून भीक घेतो.

मामेबहिणीचं पुढे काय झालं? इद्दत संपल्यावर तिनेच विचारलं, "भाईजान, पोरांच्या शाळेचं काय?" तेव्हा धावपळ सुरू झाली. त्या कागदाने कायद्यातला हक्क बुडत नाही, असं वकिलांनी सांगितलं. मुदतीला अकरा दिवस उरले असताना अर्ज दाखल झाला. गेल्या वर्षी लोकअदालतीत तडजोड झाली. मुलांच्या नावाने रक्कम ठेव म्हणून बँकेत आहे. तिने पुन्हा निकाह केला तर पैसे परत जातील, अशी कुजबुज नातेवाइकांत झालीच. पुनर्विवाह केला म्हणून विधवेचा भरपाईचा हक्क जात नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे.

तिचं नशीब, की अकरा दिवस उरले होते. ते नसते तर तो दोष तकदीरचा नव्हे, आमच्या बैठकीचा असता.

म्हणून मशिदींच्या कमिट्यांना माझी विनंती आहे. मय्यतीची गाडी आणि कफनाची सोय आपण बिनबोभाट करतो. अपघाताची मय्यत असेल तर त्यात एक काम वाढवा. तीजापर्यंत एका जाणत्या माणसाने पोलीस ठाण्यातून एफआयआरची प्रत आणावी. २०२२ च्या नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला व विमा कंपनीला द्यायचा असतो आणि दहा दिवसांत कुटुंबाला त्यांच्या हक्कांची लेखी माहिती द्यायची असते. ती मिळाली का, हे विचारावं. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावं, तिथे स्त्रीला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. 'मिळालेल्यातले इतके टक्के' मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं, अशी टक्केवारी वकिलाला घेताच येत नाही. आणि चाळिसाव्याच्या आत अर्ज दाखल व्हावा.

हिंदू मित्रांच्या घरीही तेरवीपर्यंत अशीच बैठक बसते आणि असाच कागद पुढे येतो, हे मी पाहिलं आहे. त्यांनीही एवढंच करावं. कागदावर अंगठा उमटण्याआधी आतल्या खोलीत जाऊन तिला विचारावं.