41 वर्षांचे 'आजोबा'

परवा एसटीत कंडक्टरने एका प्रवाशाला विचारलं, "आजोबा, कार्ड काढा, 75 पूर्ण झाली असतील तर तिकीट नाही." त्याने आधार कार्ड काढून दिलं. कंडक्टरने ते बघितलं, पुन्हा चेहरा बघितला आणि म्हणाला, "41? मस्करी करता काय राव?" आख्खी बस हसली. ते 'आजोबा' मात्र गुपचूप पूर्ण तिकिटाचे पैसे मोजत होते.

हा माणूस आपल्याच तालुक्यातला. बोलायला हुशार, हिशेबाला पक्का. आजाराचं नाव वर्नर सिंड्रोम. ते कळायला त्याला बारा वर्षं आणि चार शहरं लागली.

प्रोजेरिया म्हटलं की आपल्याला 2009 चा 'पा' आठवतो. तो लहान मुलांचा आजार. हा मोठ्यांचा. 1904 मध्ये ओटो वर्नर या जर्मन डॉक्टरने चार भावंडांमध्ये तो नोंदवला आणि 1996 मध्ये त्याचं जनुक सापडलं. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आलं तरच तो होतो, म्हणून नात्यातल्या लग्नांत धोका वाढतो. मामाच्या मुलीशी लग्न लावणाऱ्या आपल्या भागाने हे समजून घ्यावं. पण त्यासाठी त्याच्या आईला बोल लावू नका. त्या माउलीला कुणी सांगितलं होतं?

हा आजार कसा चालतो बघा. वयात येताना उंची थांबते. विशीत केस पांढरे होतात, आवाज चिरका होतो. तिशीत दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, मग मधुमेह, हाडं ठिसूळ. घोट्याला आणि टाचेला जखमा होतात, त्या वर्षानुवर्षं भरत नाहीत. बहुतेक जण पन्नाशीच्या आसपास जातात, ते हृदयविकाराने नाहीतर कॅन्सरने.

आता माझा मुद्दा. आपल्या सरकारला दुर्मिळ आजार म्हटलं की एकच चित्र दिसतं, लहान मूल आणि कोट्यवधींचं इंजेक्शन. 2021 चं राष्ट्रीय धोरण आहे, 50 लाखांपर्यंत मदत आहे, मुंबईचं केईएम त्यातलं एक केंद्र आहे. त्या मुलांना मदत मिळालीच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण वर्नरवर असं महाग औषधच नाही. त्याला लागतं ते स्वस्त आणि रोजचं: साखर, बीपी, कोलेस्टेरॉल, डोळे, ड्रेसिंग, दरवर्षी पूर्ण तपासणी. आणि नेमकं हेच द्यायला कुणी नाही! योजना आठवतात त्या भरती झाल्यावर. पाय कापायचा तर पॅकेज आहे, पाय वाचवायचा तर ड्रेसिंगचे पैसे खिशातून.

"लाखात एखादा, त्याच्यासाठी वेगळी यंत्रणा कशाला?" असं एका अधिकाऱ्याने मला ऐकवलं. साहेब, वेगळी यंत्रणा मागतंय कोण? हे सगळं उपजिल्हा रुग्णालयात आहेच. फक्त एका फाइलमध्ये नाही. मोतीबिंदू काढणाऱ्याला आजार माहीत हवा, कारण या लोकांची शस्त्रक्रियेची जखमही नीट भरत नाही. ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरला माहीत हवं, कारण तळपायावरचा काळा डाग हा त्यांच्यात त्वचेचा कॅन्सर असू शकतो. प्रत्येक जण आपापला अवयव बघतो, माणूस कुणीच बघत नाही.

आणि दिव्यांग दाखला? 2016 च्या कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात या आजाराचं नाव नाही. पाय वेगळा मोजा, डोळा वेगळा मोजा, 40 टक्के भरले तर या.

जपानमध्ये या आजाराचे रुग्ण जगात सर्वाधिक नोंदले गेलेत. त्या देशाने 2015 मध्ये त्याला सरकारी मदतीच्या आजारांच्या यादीत घेतलं, उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं छापली. आपल्याकडे किती रुग्ण आहेत हे मोजायलाच कुणी बसलेलं नाही.

मागणी साधी आहे. जिल्हा शल्यचिकित्सकांनी अशा रुग्णासाठी एक डॉक्टर नेमावा, एक फाइल उघडावी, ती केईएमशी जोडावी. ड्रेसिंग गावच्या आरोग्य केंद्रात मोफत व्हावं. याला जीआर लागत नाही, इच्छा लागते.

आमदार साहेब ही पोस्ट वाचतात हे मला माहीत आहे. वाढदिवसाच्या एका फ्लेक्सच्या पैशात त्या माणसाचं कित्येक महिन्यांचं ड्रेसिंग होईल. आणि त्या बसमध्ये जे हसले, त्यात मीही होतो. म्हणून लिहितोय.